‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’ : एका शब्दयुग्माचा विचार

प्रबंधाचा बहिःस्थ परीक्षक ‘डिसइंटरेस्टेड’ असावा, अशी अपेक्षा विद्यापीठाने बाळगणे योग्यच होय. तो ‘अनइंटरेस्टेड’ निघाला तर मात्र उमेदवारावर अन्याय होतो. उमेदवाराच्या यशापयशात परीक्षकाचा स्वतःचा लाभ अथवा हानी गुंतलेली नाही, एवढेच पहिला शब्द सांगतो. त्याला विषयातच रस नाही, असे दुसरा सांगतो. एखाद्या समाजसुधारकाविषयी लिहिताना त्याच्या निःस्वार्थ वृत्तीचा गौरव करावयाचा की त्याच्यावर अनास्थेचा ठपका ठेवावयाचा, हे अशा रीतीने केवळ एका उपसर्गावर अवलंबून राहते. म्हणून या दोन शब्दांची गल्लत निव्वळ शैलीदोष म्हणून सोडून देता येत नाही.

गल्लतीचे मूळ उपसर्गांत नसून ‘इंटरेस्ट’ या शब्दाच्या अर्थव्याप्तीत आहे. ‘मध्ये असणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून निघालेल्या या एका शब्दावर इंग्रजीने तीन अर्थांचा भार टाकला आहे. मराठीत त्यांसाठी हितसंबंध, व्याज आणि रुची असे तीन स्वतंत्र शब्द आहेत. ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द हितसंबंध नाकारतो, ‘अनइंटरेस्टेड’ हा रुची नाकारतो. (व्याजाचा नकार यांपैकी कोणाच्याच वाट्याला आलेला नाही, ‘बिनव्याजी’साठी इंग्रजीने निराळाच सामासिक शब्द योजला.) या बाबतीत मराठी भाषकाची स्थिती इंग्रजी भाषकापेक्षा बरी म्हटली पाहिजे. वाक्य मनात मराठीत मांडून कोणता शब्द नाकारला जात आहे हे पाहिले, की निवड आपोआप होते.

तथापि हा भेद भाषेच्या जन्मापासून चालत आला आहे, असे समजणे चूक ठरेल. सतराव्या शतकाच्या आरंभी जॉन डन याच्या गद्यात ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द आस्था नसलेला या अर्थाने येतो, आणि त्याच शतकाच्या मध्यास ‘अनइंटरेस्टेड’ हा निःपक्षपाती या अर्थाने वापरलेला आढळतो. म्हणजे आजच्या नियमाच्या नेमके उलट! अर्थांची अदलाबदल पुढे अठराव्या शतकात स्थिरावली. विसाव्या शतकात ‘डिसइंटरेस्टेड’ पुन्हा अनास्थेच्या अर्थाकडे झुकला व कोशांनी त्या प्रयोगाची नोंदही घेतली. त्यामुळे जुना उतारा उद्धृत करणाऱ्या संशोधकाने प्रथम त्याचा काळ पाहावा, हे इष्ट. स्वतःच्या लेखनात मात्र भेद पाळणेच श्रेयस्कर आहे. कारण तो सोडल्याने भाषेला नवे काही मिळत नाही, आणि एक उपयुक्त शब्द मात्र हातचा जातो.

कायद्याच्या क्षेत्रात या भेदाची किंमत अधिक स्पष्ट दिसते. राजस्थान राज्य विरुद्ध कल्की या खटल्याच्या 1981 मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘नातेवाईक’ साक्षीदार आणि ‘इंटरेस्टेड’ साक्षीदार यांत फरक केला. खटल्याच्या निष्पत्तीतून ज्याला काही लाभ होणार आहे, तोच ‘इंटरेस्टेड’. मृताची पत्नी घटनेची स्वाभाविक साक्षीदार असेल, तर केवळ नात्यामुळे तिला तसे म्हणता येत नाही. येथे त्या स्त्रीच्या भावना किती गुंतल्या होत्या, हा प्रश्नच नव्हता. ‘इंटरेस्टेड’ याचे भाषांतर कोणी ‘रस असलेला’ असे केले, तर निकालातील सारा युक्तिवाद कोसळतो.

मराठीतही एका शब्दाच्या बाबतीत याच प्रकारचे अर्थांतर घडले आहे. ‘उदासीन’ म्हणजे मूळ अर्थाने अलग बसलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील राजमंडलात ‘उदासीन’ हा संघर्षाच्या कक्षेबाहेरचा, पण बलाढ्य असा राजा आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘उदासीन’ आणि ‘मध्यस्थ’ हे शब्द शेजारीशेजारी येतात. जो कोणाचाच पक्ष घेत नाही तो उदासीन, आणि भांडणाऱ्या दोघांचेही हित इच्छितो तो मध्यस्थ, असा त्यांचा उलगडा शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात केला आहे. रूढ मराठीत मात्र प्रशासनाची उदासीनता म्हटली की निःपक्षपात कोणाच्याच मनात येत नाही. शब्दाचा जुना अर्थ आज टिकून आहे तो रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत : आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेस तेथे ‘उदासिनीकरण’ म्हणतात. तेव्हा ‘डिसइंटरेस्टेड’साठी ‘उदासीन’ हा प्रतिशब्द व्युत्पत्तीने शुद्ध असला तरी व्यवहारात दिशाभूल करणारा आहे. साक्षीदार ‘हितसंबंधरहित’, न्यायाधीश ‘निःपक्षपाती’, कार्यकर्ता ‘निःस्वार्थ’ अशी संदर्भानुसार योजना करणे भाग आहे.

खरी अडचण नामांच्या बाबतीत येते. मॅथ्यू अर्नोल्ड याने 1864 च्या आपल्या निबंधात ‘डिसइंटरेस्टेडनेस’ हे समीक्षेचे मुख्य लक्षण मानले. व्यावहारिक व पक्षीय हेतूंपासून अलिप्त राहून विषयाचा मुक्त वेध घेणे, असा त्याचा आशय होता. या वृत्तीत रुचीचा अभाव मुळीच नाही, उलट ती उत्कट असू शकते. विद्यार्थी घाईत शेवटचा प्रत्यय गाळून नुसते ‘डिसइंटरेस्ट’ लिहितो, आणि त्या आखूड रूपाचा आज बहुधा अनास्था असाच अर्थ घेतला जातो. अर्नोल्डविषयी लिहिताना पूर्ण रूपच वापरावे. अनास्था सांगावयाची असल्यास ‘लॅक ऑफ इंटरेस्ट’ असे तीन शब्दांत लिहावे.