त्रेसष्ट भोकं

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी पान्याला हातही लावला नाही. त्यांनी खडू मागितला. गाडीखाली पोतं पसरून तासभर आडवे पडले, मग केबिनमध्ये शिरले, शेवटी हौद्यात चढले. आणि रिकामं भोक दिसेल तिथं शेजारी आकडा टाकत गेले. दिवेलागणीला आकडा 63 वर थांबला.

"पंचनामा झाला," हात झाडत म्हणाले. "आता तपास."

गाडी म्हणजे महिंद्राची एफसी-150 पिकअप. हिचा मूळ आराखडा विलीज जीपचा, आणि ब्रुक्स स्टीव्हन्स या अमेरिकन डिझायनरच्या हातचा. अमेरिकेत ती 1956 च्या अखेरीस आली आणि 1965 मध्ये बंद झाली. महिंद्राने आपल्याकडे ती आणली तीही 1965 मध्येच. हिला नाक नाही. इंजिन केबिनच्या आत, दोन सीटांच्या मधे, पत्र्याच्या पेटीखाली. चाकांमधलं अंतर 81 इंच, म्हणजे जीपएवढंच, आणि त्यावर सबंध हौदा बसवलेला. त्या सपाट तोंडामुळे आमच्याकडे तिला 'चपटी' म्हणत. आजोबा पक्के माळकरी, पण 'अण्णा चपटी घेऊन आंबा घाटात गेलेत' असं कुणी सांगितलं की ऐकणारा हमखास हसायचा.

आजोबा कोल्हापुरातून गुळाचे रवे भरून रत्नागिरीला जात आणि हंगामात येताना आंब्याच्या पेट्या आणत. त्यांच्यानंतर गाडी काकांकडे आली. काकांनी ती चालवली थोडी आणि गोठ्यामागच्या शेडमध्ये उभी ठेवली फार. काका गेल्यावर आरटीओत 31 नंबरचा फॉर्म भरून मी ती माझ्या नावावर करून घेतली, तेव्हा तिच्यात नेमकं काय काय नाही हे घरात कुणालाच सांगता येईना.

माझी कल्पना अशी होती की पार्टचं पुस्तक उघडायचं, चित्राशी गाडी ताडून बघायची आणि नसेल त्यावर खूण करायची. दोनच दिवसांत कळलं की तसं होत नाही. पुस्तकातली गाडी कारखान्यातून निघालेली असते. शेडमधल्या गाडीला मधे चाळीस वर्षं तीनचार मिस्त्री, दोन लोहार आणि एक सुतार भेटलेला असतो. (सुतार खराच. केबिनखालच्या एका रबराच्या जागी बाभळीचा गुटका होता आणि तो रबरापेक्षा जास्त टिकला होता.)

म्हणून आधी भोकांची जात ठरवायची. कंपनीचं भोक प्रेसमध्ये पडलेलं असतं: एका बाजूची कड किंचित गोल, आणि आतल्या काठावरही रंग, कारण रंग नंतर लागला. मागाहून ड्रिलने पाडलेल्या भोकाच्या काठाला रंग नसतो, नुसता गंज, आणि पाठीमागे बोटाला बोचणारी कोर. गॅसने पाडलेलं तर आंधळाही ओळखेल. मिस्त्री करंगळी आत फिरवून सांगायचे, "हे कंपनीचं. हे कुणाचं तरी शहाणपण." 63 पैकी 38 कंपनीची निघाली. तपास तेवढ्यांचाच करायचा, असं तेव्हा आम्हाला वाटलं.

सर्वांत जास्त छळलं पेट्रोल पंपाने. एफ-हेड हरिकेन इंजिन, 2.2 लिटर, चार सिलिंडर; आत येण्याचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडायचे खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची विचित्र मांडणी. त्याच्या कुशीतल्या पंपाला पेट्रोल आत यायला एक नळी हवी आणि बाहेर जायला एक. या पंपाला तोंडं चार. जादा दोनांपैकी एकात बोल्ट ठोकलेला, दुसऱ्यात चिंधी आणि साबण. साबण वाळून दगड झाला होता. शेडमध्ये येणारा प्रत्येक जण आपलं मत देऊन गेला.

उत्तर काचेवर होतं. उन्हं तिरपी आली की चालकापुढच्या जुन्या काचेवर बारीक ओरखड्यांची कमान दिसायची. मिस्त्रींनी दोरा घेतला, एक टोक कमानीवर धरून दुसरं सरकवत गेले आणि कमानीचा मध्य काढला. तिथं लांबी भरून रंगवलेला पत्रा होता. खरवडल्यावर भोक उघडं पडलं, 64 वं, आणि तेही कंपनीचं. तिथं वायपर होता, पण विजेचा नव्हे. हवेच्या ओढीवर चालणारा.

इंजिन हवा आत खेचतं त्या ओढीवर हा वायपर हलतो. अडचण अशी की ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते. म्हणजे घाट चढताना, पाऊस कोसळत असताना, नेमका वायपर मंदावतो. त्यावर उपाय म्हणून पेट्रोल पंपाच्याच डोक्यावर दुसरा पडदा बसवून थोडी जादा ओढ तयार करायची. पंपाची ती दोन तोंडं याचसाठी. एक नळी इंजिनच्या मॅनिफोल्डकडे, एक वायपरकडे. हे कळल्यावर डॅशबोर्डच्या खणातल्या तंबाखूच्या डबीचाही उलगडा झाला. आजोबा तंबाखू खात नसत. काचेवर तंबाखू घासली की पाणी थेंबाथेंबाने न साचता पसरून जातं, ही जुन्या ड्रायव्हरांची युक्ती. वायपरची मोटर पुण्याच्या जुन्या बाजारात सापडली, पण त्यासाठी दोन बुधवार आणि तीन रविवार गेले.

हँडब्रेकचा शोध मात्र दगडाने लावून दिला. सीटमागे पाट्याच्या तुकड्यासारखा एक काळा दगड होता, एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला. मी तो फेकायला निघालो तर मिस्त्री म्हणाले, "ऱ्हाऊ दे. यादीत लिहा, हँडब्रेक." या जातीच्या गाडीत हँडब्रेक चाकांना नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी एक ड्रम असतो आणि तो आवळला की शाफ्टच थांबतो. आमच्या गाडीत त्या जागी बोल्ट गरजेपेक्षा लांब होते आणि प्रत्येकात वायसरींची चळत. चळतीची जाडी मोजली, ती ड्रमच्या पत्त्याएवढी भरली. ड्रम का काढला तेही तिथंच समजलं: मागचं ऑईल सील गळत होतं, तेल ब्रेकच्या लायनरवर जात होतं. तेलकट ब्रेक धरत नाही. तेव्हाच्या मिस्त्रीने सील बदलायचं सोडून ब्रेकच काढला. मला राग आला. आमचे मिस्त्री शांतपणे म्हणाले, "सील मिळालं नसंल. आणि गूळ थांबत न्हाई."

ड्रम बाजारात मिळेना. शेजारच्या गावातल्या एका जीपचा उसना आणला आणि आम्ही शिवाजी उद्यमनगरात गेलो. मला वाटलं, हाच वाळूत दाबून साचा काढतील. पॅटर्नवाल्याने मान हलवली. बीड थंड होताना आकसतं, फुटाला एक सूत. शिवाय वर लेथवर काढायला माल ठेवावा लागतो. उसना ड्रम दाबला असता तर लहान भाऊ जन्माला आला असता. त्याने लाकडाचा पॅटर्न केला आणि त्यासाठी वेगळी पट्टी वापरली, जिच्यावरचा प्रत्येक फूट मुळातच एक सूत मोठा असतो. ही पट्टी मी पहिल्यांदाच पाहिली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सगळी गाडी याच मापाची: तीन सुती बोल्ट, चार सुती बोल्ट. माझ्या पेटीतले मिलिमीटरचे पाने तिला जवळपास बसायचे, आणि जवळपास बसणारा पाना बोल्टचं डोकं गोल करून टाकतो. दोन बोल्ट मी असे घालवले. तिसऱ्याच्या वेळी मिस्त्रींनी माझ्या हातातून पाना काढून घेतला.

डिफरन्शियलच्या झाकणावर दातांचे आकडे असलेली पट्टी असते. मागची पट्टी गायब. पुढची-मागची दोन्ही चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा रेशो एकच लागतो, नाहीतर फोर-व्हील टाकल्यावर गिअर एकमेकांशी भांडतात. न उघडता तो मोजायची रीत सोपी आहे. गाडी उचलायची, मी एक चाक घट्ट धरायचं, मिस्त्रींनी दुसरं बरोबर दोनदा फिरवायचं आणि पुतण्याने शाफ्टवरची खडूची रेघ मोजायची. पाच फेरे पूर्ण, वर तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त. पिनियनला आठ दात, क्राऊनला 43. पुढेही तेवढेच आले. त्या दिवशी मिस्त्रींनी स्वतःहून चहा मागवला.

पंचवीस भोकं 'कुणाचं तरी शहाणपण' म्हणून बाजूला ठेवली होती. ती लांबी भरून बुजवायची ठरलं आणि त्यांच्यापुढे मिस्त्रींनी खडूने 'लां' असं लिहूनही टाकलं. केबिनच्या मागच्या पत्र्यात, काचेच्या वर, ओळीत असलेली 41 आणि 42 त्यातलीच. ड्रिलची, ओबडधोबड, कडा मात्र आतून घासून चकचकीत.

पहिल्यांदा गाडी रस्त्यावर काढली तेव्हा मिस्त्री मागच्या पाट्यांचा आवाज ऐकायला हौद्यात बसले होते. त्यांना मी थांबायला हवा होतो. ते केबिनच्या टपावर बुक्क्या मारत राहिले आणि इंजिन मांडीशी धडधडत असल्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. परत आलो तेव्हा आत्या दारात उभी होती.

"दोरी कुठाय?" तिने विचारलं.

"कसली दोरी?"

"घंटीची. एसटीत असती तशी. मी बसलेलो असायचो की मागं गुळावर, भाऊ शेजारी. एक टोल म्हंजे थांबा, दोन म्हंजे चला. अण्णांनी सवता भोकं पाडलेली."

मिस्त्री हौद्यातून उतरले. 41 आणि 42 पुढचं 'लां' त्यांनी तळहाताने पुसलं, खिशातला खडू काढला आणि तिथं 'दोरी' असं लिहिलं.