शुश्रूषा करणारांची विचारपूस

आजाऱ्याच्या समाचारास जाण्याची आपल्याकडील रीत फार चांगली आहे. आंतल्या खोलींत जाऊन येणें, डॉक्टर काय म्हणाले तें विचारणें, धीराचे चार शब्द बोलणें आणि चहा घेऊन उठणें, हें सर्व यथासांग होतें. परंतु तो चहा करून आणणाऱ्या बाईला काल रात्रीं झोंप मिळाली कीं नाहीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. कर्करोगासारखें दीर्घ मुदतीचें दुखणें ज्या घरांत आलें आहे, त्या घराविषयीं लिहितांना या न विचारलेल्या प्रश्नाकडेच आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे.

एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ. तेव्हां शुश्रूषेचा भार आपोआप वांटला जात असेल, असा आपला समज असतो. प्रत्यक्षांत तसें क्वचितच घडतें. थोरले चिरंजीव पैशांची तरतूद पाहतात, धाकटे रुग्णालयाच्या खेपा घालतात, लेक परगांवाहून दोन दिवस येऊन जाते; आणि औषधांच्या वेळा, पथ्याचें खाणें, ओकारीचें भांडें, रात्रीचें जागरण हें सारें एकाच माणसाच्या अंगावर येऊन पडतें. बहुधा ती घरची सून असते किंवा पत्नी. तिची स्तुति सर्वजण करतात. तिच्या जागीं बसावयास मात्र कोणी येत नाहीं.

या कामाला किती दक्षता लागते, याची दुरून कल्पना येत नाहीं. किमोथेरपीच्या कित्येक प्रकारांत २१ दिवसांनीं पुढची फेरी असते. मधल्या काळांत रक्तांतील पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळीं ताप १००.४ अंशांवर गेला, तर सकाळची वाट न पाहतां डॉक्टरांस गांठावें लागतें. वेदनाशमनार्थ तोंडावाटे साधें मॉर्फीन दिलें जात असेल, तर त्याची मात्रा सामान्यतः दर ४ तासांनीं असते. वेळ चुकली कीं वेदना पुन्हां डोकें वर काढते. जिच्यावर हें सर्व सोंपविलेलें असतें, तिचा एक कान झोंपेंतहि त्या खोलीकडे लागलेला असतो.

याहून जड ओझें निराळेंच आहे. रोगाचें नांव आजाऱ्यास कळूं द्यावयाचें नाहीं, असें वडील मंडळी दिवाणखान्यांत ठरवितात. पण “मला खरें काय झालें आहे ग?” हा प्रश्न मध्यरात्रीं येतो, आणि तो येतो उशाशीं बसलेल्या सुनेला. ठरविणारे झोंपलेले असतात. खोटें बोलावें लागतें तें तिला. आमचें मत असें कीं, रुग्णाला जेवढें जाणून घ्यावयाचें असेल तेवढें डॉक्टरांकडून त्याला सांगवावें. एवढा भार तरी तिच्या एकटीच्या माथीं मारूं नये.

अशा शिणलेल्या मनांत कधीं चीड येते, कधीं “हें एकदांचें संपेल तर बरें” असा विचार येऊन जातो आणि ती स्वतःच दचकते. पुढें वर्षानुवर्षें ती त्या एका विचाराबद्दल स्वतःस दोषी मानते. हें पाप नव्हे. हा थकव्याचा उद्गार आहे, असें तिला वडीलधाऱ्या कोणीतरी वेळींच सांगितलें पाहिजे.

वैद्यकानेंहि ही गोष्ट ओळखली आहे. डॉ. सिसिली साँडर्स यांनीं १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर्स हें शुश्रूषागृह काढलें, तेव्हांपासून रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाचाहि विचार करण्याची पद्धति रुजली. जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ सालीं केलेल्या उपशामक शुश्रूषेच्या व्याख्येंत कुटुंबियांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुंबईस वांद्र्याला १९८६ सालीं शांति आवेदना सदन सुरू झालें. पुण्यास वारजें येथें १९९७ सालीं निघालेल्या सिप्लाच्या केंद्रांत रुग्णासोबत घरचें माणूसहि राहतें, आणि त्यास शुश्रूषेचें शिक्षण मिळतें.

तथापि निम्मा उपाय घरांतच आहे. “कांहीं लागलें तर सांगा” असें म्हणूं नये. “मंगळवार आणि शुक्रवारची रात्र माझी” असें म्हणावें आणि तें पाळावें. पुरुषांनींहि औषधांची वही हातीं घ्यावी. ती बोलूं लागली तर नवा काढा सुचवूं नये, मुकाट्यानें ऐकावें. दुर्दैवानें रोगी गेलाच, तर तेराव्यानंतर पाहुण्यांची घाई उडते आणि ती मात्र औषधाच्या ठरल्या वेळीं रात्रीं जागी होत राहते. खरी गरज तेव्हां असते. महिन्यानें पुन्हां जावें.

आणि यापुढें समाचारास गेल्यावर आजाऱ्याच्या खोलींतून निघतांना आमच्या वाचकांनीं क्षणभर स्वयंपाकघराशीं थांबावें व विचारावें, “तुम्ही जेवलांत का?”