पाण्याखालून थेट आकाशात

पाणबुडीच्या पोटातच क्षेपणास्त्राचं इंजिन पेटवणं म्हणजे आत्मघात. म्हणून ते न पेटवताच आधी बाहेर फेकतात. उभ्या नळीच्या तळाशी प्रचंड दाबाचा वायू सोडला जातो. त्या धक्क्याने कित्येक टनांचं धूड पाणी कापत वर येतं आणि पृष्ठभागाबाहेर पडल्यावर त्याचं घन इंधन पेट घेतं. पाणबुडीची कसरत मात्र इथेच सुरू होते. रिकाम्या नळीत समुद्राचं पाणी घुसतं, वजनाचं गणित बदलतं. तरी ठरलेली खोली सोडून चालत नाही, कारण पुढचं क्षेपणास्त्र डागायचं असतं.

अमेरिकेच्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या पाणबुडीने २० जुलै १९६० रोजी पाण्याखालून ‘पोलारिस’ क्षेपणास्त्र डागून हे जमतं हे दाखवलं. तेही एकाच दिवसात दोनदा.

आपली अणुपाणबुडी ‘अरिहंत’ २००९ मध्ये विशाखापट्टणमला पाण्यात उतरली. तिला चार नळ्या. त्यांत बारा ‘के-१५’ किंवा चार ‘के-४’ क्षेपणास्त्रं मावतात. (‘के’ म्हणजे अर्थातच शास्त्रज्ञ अब्दुल कलाम!) के-१५चा पल्ला जेमतेम ७५० किलोमीटर. खरं सांगायचं तर तो तोकडाच, कारण तेवढ्यासाठी पाणबुडीला शत्रूच्या किनाऱ्याजवळ जाण्याचा धोका पत्करावा लागतो. के-४ सुमारे ३,५०० किलोमीटरपर्यंत पोहोचतं, त्यामुळे बंगालच्या उपसागरात दडूनही मारा शक्य होतो. ‘अरिहंत’ची धाकटी बहीण ‘अरिघात’ २९ ऑगस्ट २०२४ रोजी नौदलात दाखल झाली.