माळाचा डॉक्टर

मोठेपणी कोण होणार, असे गुरुजींनी वर्गात विचारले. कोणी डॉक्टर, कोणी फौजदार म्हणाले. मी म्हणाले, "मी माळाचा डॉक्टर होणार." सगळे हसले. म्हणून हा लेख.

आमच्या चार शेळ्या आहेत. सुट्टीत मी त्या माळावर नेते. आजी सांगते, तिच्या लहानपणी तिथं गुडघाभर मारवेल असायचं. आता नुसती कुसळी. असं का झालं? चांगलं गवत फुलोऱ्यावर येण्याआधीच गुरे खातात. मग बी पडत नाही. माती उघडी पडते आणि वळवाच्या पावसात वाहून जाते. पिकलेल्या कुसळीला गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून तीच माजते.

हा आजार ओळखून इलाज करणाऱ्याला परिस्थितिकीतज्ज्ञ म्हणतात. तो एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट जमिनीवर ठेवून त्यातील गवताच्या जाती मोजतो. उतारावर समपातळीत चर खणून पाणी मुरवतो. मात्र सगळीकडे झाडेच लावायची असे नाही. माळढोक, चंडोल, खोकड यांना उघडा माळच लागतो. तिथे दाट झाडी केली तर त्यांचे घर मोडते.

अवघड काम पुढेच आहे. माळाला विश्रांती हवी, म्हणजे चराई बंद. मग आमच्या शेळ्यांनी खायचं काय? आजी म्हणाली, "शेळ्या इकाय लावणारा डॉक्टर मला नगं!" तिचंही खरं आहे. म्हणून गावाला विचारल्याशिवाय हे काम होत नाही. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने ग्रामसभेत ठरवून चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. पण विळ्याने गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. तिथे चारा वाढला, दूध वाढले. त्या कामाचे पुढारी पोपटराव पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

यासाठी शिकायचं काय? बारावीला विज्ञान. मग वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, किंवा दापोली, अकोला येथे वनविद्या. पुढे देहरादूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे. ती १९८२ साली स्थापन झाली. नंतर वनखात्यात किंवा एखाद्या संस्थेत काम करता येते. आणि माणसांचं ऐकून घ्यायला शिकायचं, ते मात्र घरीच.

मी माळाच्या कोपऱ्यात एका चौकटीएवढ्या जागेला बाभळीच्या काट्या लावल्या आहेत. दिवाळीनंतर आतलं आणि बाहेरचं गवत मोजणार आहे. आजी म्हणते, "आधी गवत दिसू दे, मग बघू."

तुम्हीही मोजायला या.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी