पत्र्याला एकही भोक न पाडता सोलर बसवता येतं का?

येतं, पत्रा ‘स्टँडिंग सीम’ असेल तर. यात शेजारच्या पत्र्यांच्या कडा वर उचलून एकमेकींत दुमडलेल्या असतात. छपरावर उभ्या पट्ट्या दिसतात, त्या याच. या पट्टीवर अॅल्युमिनियमचा क्लॅम्प बसवून बाजूने स्क्रू आवळतात. स्क्रूचं टोक गोलसर असतं, त्यामुळे तो पत्रा दाबून धरतो, भेदत नाही. भोकच नाही, तर तिथून गळणार काय?

आपल्याकडे अनेक शेडवर मात्र स्क्रू मारलेला साधा पन्हळी पत्रा असतो. त्यावर हा क्लॅम्प चालत नाही.

खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. पॅनलखाली शिरलेला वारा पॅनल वर उचलतो. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांत हा जोर सर्वाधिक असतो. क्लॅम्प पट्टीला घट्ट धरेल, पण पत्रा ज्या क्लिपांनी खालच्या सांगाड्याला धरलेला असतो, त्याच ढिल्या असतील तर? पॅनलसकट पत्रा जाईल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगडमध्ये घरांचे पत्रे कसे उडवले, ते आठवत असेलच. म्हणून कोकणात तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला छप्पर दाखवल्याशिवाय कोटेशन मंजूर करू नका.

आणि हो, स्क्रू किती आवळायचा हे क्लॅम्प बनवणारी कंपनी ठरवून देते. त्यासाठी टॉर्क रेंच लागतो. साध्या पान्याने अंदाजे आवळणाऱ्याला तिथेच थांबवा.