लाव्हा रे तो व्हिडिओ!

भारतात जिवंत ज्वालामुखी आहे, माहीत आहे का? एकुलता एक! अख्ख्या दक्षिण आशियात त्याला भाऊबंद नाही. पत्ता: बॅरन आयलंड, अंदमान समुद्र. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, तिथून साधारण 140 किलोमीटर. मनुष्यवस्ती शून्य, त्यामुळे आवाज केला तरी सोसायटीची नोटीस नाही!

उंची 354 मीटर. ‘एवढीच?’ हा नुसता शेंडा हो! बाकीचं धूड दोन किलोमीटरहून खोल पाण्यात उभं आहे.

पहिली नोंद 1787 ची. पुढे थोडा दंगा, मग दीडशेहून जास्त वर्षं गुडूप. 1991 मध्ये स्वारी उठली ती सहा महिने धगधगत राहिली. डिसेंबर 2004 चा त्सुनामीवाला भूकंप आठवतो? त्यानंतर पाचच महिन्यांत हे महाशय पुन्हा सुरू. त्या धक्क्यानंच जाग आली का, यावर शास्त्रज्ञांचा खल चालू आहे.

आता गोवेकरांनी कॉलर ताठ करा! 23 जानेवारी 2017. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मंडळी जवळच समुद्रतळाचे नमुने गोळा करत होती. अचानक राख उडाली. मैलभर अंतरावर जहाज थांबवून सगळे बघत राहिले. पाच-दहा मिनिटांचा एकेक झटका. दिवसा दिसला फक्त राखेचा ढग. सूर्य बुडाला आणि विवरातून लालभडक कारंजी! फुकटात असला शो? नशीब लागतं राव.

मग बेटावर वॉचमन कोण? कुणीच नाही! डोकं तापलं की आधी उपग्रहांना कळतं. ते उष्णता टिपतात. राख उंच गेली तर विमानांना इशारा येतो थेट ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून.

सप्टेंबर 2025 मध्ये आठवड्याभरात दोनदा भडका. दुसऱ्याच्या दोन दिवस आधी त्या भागात 4.2 रिश्टरचा धक्का. भारतीय नौदलानं शूटिंगही केलं. लाव्हा रे तो व्हिडिओ!

आणि हो, सह्याद्रीच्या काळ्या दगडाशी याचं गोत्र जुळतं. दोन्हीकडे बेसाल्ट! आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, हा अजून गरमागरम.

बघायला जायचंय? परवानगी काढा आणि बोटीतूनच बघा, उतरायला मनाई आहे. बेटावर राहतात त्या शेळ्या! 19व्या शतकाच्या अखेरीस जहाजातून सोडलेल्यांची ही पिल्लावळ. गोड्या पाण्याचे झरे शोधून, लाव्हाच्या शेजारी बिनधास्त चरतेय. परमिट? छे!