घाटात गाडी दबते तेव्हा

‘सपाटीवर गाडी मस्त चालते, पण चढाला पाय दाबला की झटके मारते.’ खंबाटकी नाहीतर कसारा चढून आलेल्या गाड्यांची ही नेहमीची तक्रार. गॅरेजमधलं उत्तरही ठरलेलं: प्लग बदलू, थ्रॉटल साफ करू, इंजेक्टर धुऊ, तरी नाही गेलं तर पंप टाकू. बिल वाढतं, झटके तिथेच राहतात. खरं म्हणजे गाडी नेमकी कधी दबते हे नीट सांगता आलं, तर पाना हातात घेण्याआधीच बरंचसं निदान होतं.

आधी इंजिन दबतंय की नुसती गाडी, ते बघा. आरपीएमचा काटा झपकन चढतो पण वेग वाढत नाही, असं असेल तर बिचाऱ्या इंजिनाचा दोष नाही; क्लच घसरतोय.

काटाही अडखळत असेल तर मात्र इंजिनात शिरायला हवं. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पाय पूर्ण दाबला की गाडीचा कॉम्प्युटर मिश्रण मुद्दाम दाट करतो आणि हे प्रमाण साडेबारा-तेरापर्यंत उतरवतो. म्हणजे आत हवा सर्वांत जास्त येते तेव्हाच पेट्रोलही सढळ लागतं. ठिणगीचं कामही त्याच क्षणी सर्वांत अवघड होतं, कारण सिलिंडरमध्ये दाब जितका जास्त, तितकं प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजलेल्या प्लगची फट रुंदावलेली असते. कॉइल थकलेली असली, तर सावकाश चालवताना निभावून नेते आणि चढाला ठिणगी चुकवते. यालाच मिस्त्री ‘मिसिंग’ म्हणतात. चार हजार आरपीएमला एकेक प्लग सेकंदाला तेहतीसेक वेळा पेटतो. त्यातले थोडे चुकले तरी हिसका बसतो. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, पाय दाबताच तुटक हिसके येत असतील तर पहिला संशय इथेच घ्यावा.

पंपाचं दुखणं वेगळं दिसतं. गाडी आधी जोरात उठते, दोन-चार सेकंदांनी दम लागल्यागत मंदावते, पाय सोडला की पुन्हा बरी होते. इथे पेट्रोल पुरत नसतं: फिल्टर तुंबलेला तरी असतो, नाहीतर पंप मरगळलेला. पंप टाकीतच बसतो आणि त्याला थंड ठेवतं ते भोवतालचं पेट्रोलच, म्हणून टाकी कायम तळाला ठेवण्याची सवय त्याला बाधते. पंप बदलण्याआधी प्रेशर गेज लावून, इंजिनावर भार असताना दाब पडतो का हे बघायला सांगा. नुसत्या आयडलिंगवरचा आकडा फसवा असतो.

सीएनजी गाडीवाल्यांकडे आयती परीक्षा आहे. तोच चढ, तोच गिअर, एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे दुबळी ठिणगी आधी गॅसवर उघडी पडते. गॅसचा फिल्टर आणि रेग्युलेटरही तिथेच तपासावा. फक्त पेट्रोलवर दबत असेल तर पंप, फिल्टर, इंजेक्टर. दोन्हींवर सारखंच होत असेल तर प्लग-कॉइल, हवेची वाट किंवा सायलेन्सरची बाजू.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात लावायचा छोटा स्कॅनर आणि मोबाइल एवढ्यावर बरंच कळतं. पी०३०२ कोड म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर इंजिन बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्याची अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. कोड पी०३०३ झाला तर कॉइलच गुन्हेगार. नवा पार्ट न आणता लागलेला हा निकाल मला फार आवडतो. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ: कुठे तरी होज फाटून हवा शिरतेय, सेन्सर हवा कमी मोजतोय किंवा पेट्रोल कमी पडतंय. चालत्या गाडीत आकडे मात्र शेजारच्याने बघावेत.

एअर फिल्टर तर उघडून बघावाच. पावसाळ्यानंतर त्याच्या डब्यात उंदरांचा संसार निघतो, कधी वायरिंगही कुरतडलेलं असतं. वॉशिंग सेंटरमध्ये इंजिनावर जोराचं पाणी मारून घेतल्यावर लगेच झटके सुरू झाले, तर प्लगच्या खळग्यात पाणी साचलंय का ते आधी पाहा. पेट्रोलमध्ये ओतायच्या बाटल्यांनी यातलं फारसं काही बरं होत नाही.

डिझेल गाडीत प्लगची ठिणगी नाही, पण टर्बोचा फाटलेला पाइप, तुंबलेला डिझेल फिल्टर आणि काजळीने भरलेला ईजीआर व्हॉल्व्ह हे नेहमीचे संशयित. पाय दाबल्यावर फुस्स आवाज आणि मागे काळा धूर दिसला, तर पाइपापासून सुरुवात करावी.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर मात्र पाय ढिला सोडा आणि जमेल तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबा. मिसिंगमुळे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आतली जाळी तापून वितळू शकते. मग धुराची वाटच कोंडते आणि गाडी चढाला आणखी दबते. प्लग तेव्हा बदलले तरी ती कोंडी सुटत नाही, आणि कन्व्हर्टरचं बिल प्लगच्या कितीतरी पट असतं.